सावकाश बर्फ

माझ्या हाताखाली दिवसाला अकरा टन बर्फ पडतो,
मत्राहच्या मासळीबाजारामागे, पत्र्याच्या शेडमध्ये.
ड्रम फिरतो, पातं खरवडतं,
करपलेल्या दुधाच्या खरवडीसारखे पापुद्रे.
सुरमईच्या कल्ल्यात भरायला हाच लागतो,
कोपरे नसलेला, माशाला न टोचणारा.
पहाटे होडीतून खल्फान ओरडतो, "सदीक, थल्ज!"
आणि मी त्याला फावड्याने हिवाळा वाढतो.

घरी माझ्या बर्फाला किंमत नाही.

हेमांगीला क्लिनिकमधून आल्यावर गार कॉफी लागते,
दूध बेताचं, साखर एक चमचा, फेस नको.
पहिल्यांदा मी कामावरचीच पिशवी आणली.
तिने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला.
"बांगडा," म्हणाली.
एवढंच.

मग पेट्रोल पंपावरचा, मधे भोक असलेला.
तो आतूनही वितळतो नि बाहेरूनही;
चपला काढून येईपर्यंत कॉफीचं सार झालेलं.
मग आमच्याच ट्रेमधला, शेजारच्या खवलेल्या नारळाचा वास घेऊन बसलेला.
मग कॉफीच गोठवली, कॉफीत टाकली.
"आमच्या मॅनेजरसारखा आहे," ती म्हणाली,
"वितळला तरी तोच."

आणि पाणी?
ऑगस्टात रूवीत गार पाण्याचा नळ भाजतो,
गच्चीवरची टाकी दिवसभर उकळत असते.
म्हणून बंद ठेवलेल्या गीझरमधलं पाणी आम्ही गार म्हणून वापरतो.
देवगडला हे कुणालाच पटत नाही.
मोठा भाऊ अजून हसतो.
त्याला मी सांगितलेलंच नाही
की हे पाणी मुळात समुद्र होतं.

वीस वर्षं मशीन दुरुस्त केल्यावर
मला एवढं तरी यायला हवं होतं:
बर्फ सगळीकडून घाईने गोठला
की हवा पोटात अडकते, पांढरं धुकं होतं.
थंडीला एकच दार ठेवायचं.

गुरुवारी रात्री माझा जुना जाड डबा,
ज्यात आमटी दुपारपर्यंत गरम राहायची,
पाण्याने भरून, झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवला.
कोळंबीची पाकिटं खालच्या कप्प्यात हलवली.
शुक्रवारी दुपारी उपडा केला.
वरची चार बोटं काचेसारखी,
सगळा गढूळपणा तळाशी ढकललेला.
तळ सुरीने तोडला. राहिलेल्याचा एक ठोकळा,
सुपारीच्या डब्याएवढा,
ग्लासात जेमतेम बसला.

कॉफी ओतल्यावर तो दिसेनासा झाला.
फक्त कडेला आपटल्याचा आवाज.

तिने अर्धा ग्लास प्यायला.
मी विचारलं नाही कसा आहे.
खाली दुकानदार शटर ओढत होता, एसी थेंब गाळत होता.
दहा मिनिटं झाली. वीस.
एरवी या वेळेला पांचट उरलेलं ती बेसिनमध्ये ओतते
आणि कुकर लावायला उठते.
आज ओतण्यासारखं काही नव्हतं.

"करार वाढवत नाहीयेत," ती म्हणाली,
ग्लासाकडे बघत. "सोमवारीच सांगितलं."

सोमवार, मी मोजलं.
सोमवारी पेट्रोल पंपावरचा बर्फ होता.
मंगळवारी नारळाचा.

मग आम्ही व्हिसाचं बोललो, भाड्याचं,
बँकेतल्या त्या एका आकड्याचं
जो दोघांनाही पाठ आहे आणि कुणीच उच्चारत नाही.
तिच्या लॅबमधल्या खुर्चीचं एक चाक अडतं, त्याचंही.
कॉफी संपली तेव्हा ठोकळा जेमतेम निम्मा झालेला,
कडा गुळगुळीत, आतून अजून स्वच्छ.

तिने तो बोटांनी बाहेर काढला
आणि माझ्या मनगटावर धरला,
जिथे परवा कॉम्प्रेसरचा पाइप चिकटला होता.
"हा चांगला आहे," म्हणाली.
"उद्या दोन कर."