दान उंटाचं

खोव्दपासून चार तास जीप, पुढे पायी.
पाठीवर चित्रांचा तक्ता, खिशात लाकडी चमचा.
दंबा हसला, "माझ्या पोरीची नजर तपासता?
समोरच्या कड्यावरची मेंढी ती माझ्याआधी मोजते."

खरं होतं ते.
सोलोंगो, वय चार, गुडघ्यांवर लोकरीची ठिगळं,
दारापासून धडाधड ओळखत गेली:
घर, सफरचंद, चेंडू, पुन्हा घर.

मग डावा डोळा झाकला चमच्यानं
आणि ती गप्प.
मान कलती करून कडेवरून डोकावली,
मी चमचा सरकवला, तिनं तो ढकलला.
रडली नाही. एवढंच म्हणाली,
"दिवा का विझवलास?"

चहात मीठ टाकणारा आईचा हात
तिथंच राहिला.

चार वर्षं एकट्यानं संसार ओढला डाव्यानं.
उजवा तसाच काळाभोर, तसाच लुकलुकणारा,
कुणी कामच न सांगितलेला.

शहरात चष्मा मिळेल, म्हटलं,
आणि रोज दोन तास पट्टी. चांगल्या डोळ्यावर.
"चांगल्यावर?" दंबा उठलाच.
थोडा वेळ चुलीकडे पाहत राहिला.
"म्हणजे कामाचा घोडा बांधायचा,
आळशावर खोगीर."
मला इतकं नीट कधी सांगता आलं नव्हतं.
"आणि आत्ताच," मी म्हटलं, "शिंगरू आहे तोवर."

निघताना पाहिलं, पट्टी लावून
ती मेंढीच्या घोट्याची हाडं खेळत होती.
एक फेकलं, वाकली, नाक टेकेपर्यंत वाकली.
"घोडा!"

दान उंटाचं होतं.
कुणीच काही बोललं नाही.
तिनं पुन्हा फेकलं.