पासवर्ड

आत-बाशीत गुरुवारी रात्री नऊनंतर रेंज जरा बरी असते,
म्हणून गुरुवार.
जिपार आधी खोकते, मग दिसते.
मागे भिंतीवर शिरदाक: लाल नमदा, त्यात काळी शिंगं.
ती मला एजे म्हणते, थोरली बहीण.
मी बिश्केकच्या स्वयंपाकघरात,
फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला.

पहिल्या दिवशी बारा प्रश्न लिहून आणले होते तिने.
फोटो कुठल्या उजेडात काढू,
हॅम्बुर्गला पार्सलचं भाडं किती पडतं,
गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की काय लिहायचं.
मी एकच विचारलं,
दुकानाचा पासवर्ड कोणाकडे आहे?

हसली.
दिराकडे. तोच बघतो सगळं.
मला काय, फक्त नमदा जमतो.

वीजबिलाच्या पाठीवर मी लिहून ठेवलं: फक्त.

माझं पहिलं दुकान तीन वर्षं छान चाललं.
पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा व्हायचे,
आणि दर महिन्याला मी त्याचे आभार मानायचे.
हे तिला सांगायला मला अकरा गुरुवार लागले.
तोवर भाडं, उजेड, घासाघीस.

मध्येच कोणीतरी तीनच तारे दिले:
मेंढीचा वास येतो.
रडली. म्हटलं, खरंच येतो का?
येतो ना, एजे, मेंढीचाच आहे.
मग तसंच लिही.
तिने लिहिलं, हो, येतो,
दोन दिवस उन्हात टाका, तरी थोडा राहील.
त्या आठवड्यात चार विकले गेले.
का, ते मला अजून कळलेलं नाही.

बाराव्या गुरुवारी ती आली नाही.
तेराव्यालाही.
मी बरणी पुसली, परत जागेवर ठेवली.
वाटलं, घाई केली आपण.
लाल आणि काळा एकावर एक ठेवून
एकाच सुरीने कापतात ही बायकामाणसं,
लालातलं काळ्यात बसतं, काळ्यातलं लालात,
चिंधी उरत नाही म्हणे.
पण सुरी घसरली तर दोन्ही जातात.

चौदाव्याला खोकल्याचा आवाज आला.
अंगात कोट, गोठ्यातून बोलत होती,
बाजूला कोणाचं तरी रवंथ चाललेलं.
बदलला, म्हणाली.
दीर बोलत नाही. नवरा बोलतो, पण छताकडे बघून.
आणि सासूबाई?
ती जवळ आली, स्क्रीनभर नाक.
काल रात्री चुलीपाशी हळूच विचारलं त्यांनी,
मलाही एक खातं काढून देशील?

मला इतकं हसू आलं की कढईतला कांदा करपला.
मग सवयीने, परीक्षा म्हणून नव्हे,
खरंच सवयीने विचारून गेले,
काय ठेवलास गं नवीन?

गाय हंबरली.
जिपारने कोटाची कॉलर वर ओढली,
सरळ माझ्याकडे पाहिलं.
तुम्हाला नाही सांगणार, एजे.

आणि रेंज गेली.