ळ लिहून बघ

फरकाचे पैसे आले तेव्हा पहिल्यांदा वाटलं,
माझा म्हणावा असा एक पेन असावा.
चौदा वर्षं सरकारी बॉलपेन
रजिस्टरला दोरीने बांधलेला,
बाळांची वजनं, आयांचं हिमोग्लोबिन, सगळं कन्नडमध्ये,
दाबून दाबून,
इतकं की खालची तीन पानं
बोटांनी वाचता यावीत.

"घेणारच असाल सिस्टर, तर कुलगोडांचा घ्या," डॉक्टर म्हणाले होते,
"लेथवर हाताने कातलेला. लोक नंबर लावून थांबतात."
म्हणून नंदगडहून सकाळची गाडी,
खानापूर, पुढे फाटकापाशी
मालगाडीसाठी ताटकळणं,
आणि कडोलकर गल्लीत झेरॉक्सच्या दुकानाशेजारचा जिना.
पाटी दोन लिपींत.
एक नुकती रंगवलेली, एकीचा रंग उडालेला.

हंजीमामांनी काचेवर मखमल अंथरली, पाच पेन ठेवले.
मी सोनेरी कड्याचा उचलला. महाग दिसत होता म्हणून.
त्यांनी तो न बोलता परत घेतला.
"रंग मागनं. आधी हात दाव."
मधल्या बोटावरची गाठ चाचपली,
मी पोटावरून बाळाचं डोकं चाचपते तशी.
"दाबून लिवतीस.
देवळाभाईर चप्पल काढतीस का न्हाई?
तसं हाताचं वजन काढून ठेव."

मी सही केली. हात आपोआप कन्नडकडे वळला.
जाड निब गोल अक्षरांवरून तुपासारखी गेली.
मग नाव मराठीत लिहिलं, हेमांगी सडेकर,
तर शिरोरेखा थरथरत, उशिरा आली
आणि कोपऱ्याकोपऱ्यात शाई साचली.
शाळेत माझं अक्षर फळ्यावर असायचं
हे मी त्यांना सांगितलं नाही.

बारीक निब. मराठी नीट उभी राहिली,
पण कन्नडच्या वळणांवर ती कागद खरवडू लागली,
मांजर दार खरवडतं तशी.
"दोन हाताचं गिऱ्हाईक," मामा पोऱ्याला कन्नडमध्ये म्हणाले.
मग माझ्याकडे बघून, मराठीत,
"ळ लिहून बघ. दोन्हीकडं हाय त्यो."

लिहिला. मराठीतला, शेजारी शेजारी दोन पोटांचा.
लिहिला कन्नडमधला, कुशीवर वळलेला.
दोन्हींच्या दुसऱ्या वळणावर निब अडली,
तिथेच, त्याच जागी.
मामांनी चष्मा कपाळावर सरकवला,
खाकी कागदावर आठाचे आकडे काढत राहिले.
थोडे आठ, फुंकर,
परत थोडे आठ.
खाली झेरॉक्सचं मशीन कुणाचा तरी सातबारा ओकत होतं.
"आता."

आता काय सांगू.
आवाजच आला नाही.

मग रंग. काळा सगळेच घेतात.
मी शेवाळी घेतला, आत तांबूस रेघ असलेला,
भिजलेल्या जांभ्यावर हिरवं धरतं तसा.
अठराशे पन्नास. पन्नास त्यांनी सोडले नाहीत.
"शाई निम्म्याखाली गेली की हाताच्या उबेनं शिंकतोय ह्यो.
घाबरायचं न्हाई. फडकं जवळ ठेवायचं."

रजिस्टरला तो चालत नाही.
सरकारी कागद शाई पितो, मागच्या पानावरच्या बाळाचं वजन
पुढच्या पानावर उमटतं.
दोरीतला बॉलपेन आहे तिथेच आहे.

मग ह्याने लिहायचं काय?
चार दिवस पेन कपाटात, साड्यांच्या घडीत.
रोज उघडून बघायचं, टोपण लावायचं.
पाचव्या दिवशी रविवार. हे पिशवी घेऊन दारात उभे,
"काय आणायचं, लवकर सांग."
"थांबा," म्हटलं, "लिहून देते."

गूळ.
तांदूळ.
नारळ दोन.
मसूरडाळ.
काळे तीळ, लागत नव्हते तरी.

यादी हातात देताना बजावलं,
दुकानात ठेवून येऊ नका.
परत आणा.