मुलामा

अंबडच्या कारखान्यात, पत्र्याखाली, शिडीच्या नवव्या पायरीवरून
मी तिसऱ्यांदा मोजलं:
स्विचपासून गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत ब्याण्णव मीटर.
शंभराच्या आत. चालायला हवं.

चालत नव्हतं.
पोर्टवरचा दिवा लागे, दोन मिनिटं नांदे
आणि भांडून माहेरी गेल्यासारखा विझे.
खालून बोरस्ते साहेब: "मॅडम, स्विचच बदलून टाकू का?"
स्विच कालच आलेला. त्याच्या कडेचं प्लास्टिकही
अजून कुणी सोललं नव्हतं.

मग टोकं कापली, पुन्हा सोलली.
नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी,
निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी.
झोपेतही चुकणार नाही असा क्रम.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
इथे पीळ जपायचा असतो,
नखाएवढाच उलगडायचा,
नाहीतर एका जोडीचं बोलणं दुसरीच्या कानात जातं.
विजेच्या केबलपासून हातभर अंतर होतं.
वळणावर मूठ मावेल इतकी गोलाई.
पट्ट्या आवळलेल्या नव्हत्या, तौफिकचं बोट सहज आत जात होतं.
रॅकचं अर्थिंग तपासलं. दोन्ही टोकांना चिठ्ठी: गेट, ०७.
सगळं पुस्तकात असतं तसं.
पुस्तकावर भागलं असतं तर
संध्याकाळी साडेसातला
पर्समध्ये वीतभर केबल घालून मी घरी आले नसते.

तांबट लेनमध्ये आता ठोके थोडे.
अण्णांना तेही ऐकू येत नाहीत,
पन्नास वर्षं बंब आणि हंडे घडवताना
कान तिथेच राहिले.
मी तार त्यांच्या तळहातावर ठेवली.
त्यांनी चष्मा शोधला नाही.
आधी विचारलं, "खोका जड होता?"
मी एका हाताने उचलल्याची खूण केली.
ते हसले. मला तिथेच कळायला हवं होतं.
त्यांनी तार वाकवली, सरळ केली, वाकवली,
चौथ्या वेळी ती मोडली.
"तांबं असं रुसत नाही," म्हणाले,
आणि अडकित्त्याच्या पात्याने तुकडा खरवडला.
वर लालसर कातडी. आत पांढरं.
ॲल्युमिनियम.

आठ वर्षं झाली मला या कामात.
मी रंग बघत होते.
त्या कॅमेऱ्याला वीजसुद्धा याच तारेतून जाते;
इकडून भरून निघालेली कळशी
तिकडे पोचेपर्यंत अर्धी व्हायची.

"खोक्यावर तर शंभर टक्के लिहिलंय," बोरस्ते साहेब म्हणाले.
मग जरा वेळाने, बुटांकडे बघत,
"निम्म्या भावात मिळाले हो तीन."
उपटायला दीड दिवस लागला.
नवा खोका तौफिकने दोन्ही हातांनी उचलला,
खाली ठेवून कंबर धरली, एक शिवी दिली.
मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी गेटचा दिवा लागला.
जेवणाच्या सुट्टीभर मी डबा न उघडता त्याच्यासमोर बसले.
गेला नाही.
नुसता पेटून राहत नाही तो;
पलीकडून कुणी बोलत असलं की लुकलुकतो.

आई होती तेव्हा पानं वाढून झाली
की स्वयंपाकघरातून एक बटण दोनदा दाबायची.
माडीखालच्या भट्टीजवळ बल्ब लुकलुकायचा
आणि अण्णा हातोडा ठेवायचे.
ती तार कुणी ओढली होती, कुठून, किती मीटर,
हे मी विचारलंच नाही कधी.
आज विचारायला गेले तर ते झोपले होते.

जुन्या केबलचं भेंडोळं दाराशी पडलंय.
सकाळी अण्णांनी पायाने जरा सरकवलं.
म्हणाले, मोडीत घाल,
पण तांबं म्हणून घालू नकोस.