चौदा हजार सातशे

सकाळी नऊ बाराला फोन वाजला
तेव्हा मी विट्यात, मायणी रोडला, दाढीला बसलो होतो,
अर्धा गाल फेसात.
चौदा हजार सातशे जमा.
पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, दोनदा वाचलं.
असलं कुणी आमच्यात नाही, शेजारात नाही,
सेलमच्या त्या गल्लीतसुद्धा नव्हतं
जिथं मी एकतीस वर्षं लोकांचं सोनं वितळवलं.

वस्तारा गळ्याशी यायच्या आत
पाठोपाठ कॉल.
बाईचा आवाज. तरुण. रडवेला.
काका, एक आकडा चुकला हो,
आई आत आहे, डॉक्टर पैशाशिवाय हात लावत नाहीत,
याच नंबरवर परत टाका, आत्ता, काका, आत्ता.

न्हाव्यानं हात थांबवला. त्यालाही ऐकू गेलं असणार.
टाका की, म्हणाला, तुमचे कुठं जातायत.
आणि खरंच माझा अंगठा
स्क्रीनला टेकायच्या बेतात होता.

गलाईच्या धंद्यात गिऱ्हाईक घाई करू लागलं
की आमचा उस्ताद मुशीखालचा जाळ कमी करायचा.
घाईचं सोनं, म्हणायचा, आणि पुढं बोलायचाच नाही,
कसोटीचा दगड धोतराच्या सोग्याला पुसत बसायचा.
एकदा एक बाई बांगड्या घेऊन आली,
अशीच रडत, नवरा गाडीखाली सापडला म्हणून.
मी बावीसचा होतो. तेजाबाचा थेंब न टाकता पैसे मोजले.
वरचा पत्रा तेवढा सोन्याचा, आत तांबं.
उस्तादानं पगारातनं कापून घेतले, सात महिने,
पण शिवी दिली नाही.
रडणं खरं असेल रे, म्हणाला,
आपण रडण्याचा कस काढत नसतो,
धातूचा काढतो.

म्हणून मी म्हणालो, बाई,
पैसे माझे नाहीत, मी ठेवणारही नाही.
तुम्ही तुमच्या बँकेला सांगा, मी माझ्या बँकेला सांगतो,
आले त्या वाटेनं जातील.

पलीकडचं रडणं थांबलं.
हळूहळू नाही. नळ बंद केल्यासारखं.
मग एक पुरुष बोलला. मला साहेब म्हणाला,
माझं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट,
केस होईल म्हणाला.
वडिलांचं नाव परक्या तोंडून ऐकलं
की सत्तरीतही पोटात गोळा येतो.

फोन कापला. टॉवेलनं फेस पुसला
आणि एका गालाची दाढी घेऊन बँकेत गेलो.

मुल्ला मॅडम हसल्या नाहीत.
अर्ज लिहून घेतला, एकोणीसशे तीसला फोन लावून दिला,
म्हणाल्या, बहुतेक तिसऱ्याच कुणाचे लुटलेले असतील,
पुढं पाठवले असते तर साखळीत तुमचाही हात.
हात लावू नका, खर्चू नका, लिंक आली तर उघडू नका.
बाकीचं सगळं पटलं.
बहुतेक हा शब्द तेवढा माझ्याबरोबर घरी आला.

नऊ दिवस ते पैसे खात्यात पडून राहिले,
कुणाची तरी चप्पल आपल्या दारात राहावी तसे.
रोज शिल्लक बघायची आणि चौदा हजार सातशे वजा करायचे.
कौसल्या म्हणाली, व्याज मिळेल का हो त्यावर?
आणि स्वतःच हसली, मग गप्प झाली.
रात्री मला वाटायचं, आकडा चुकू शकतो.
माझा चुकलाय, सख्ख्या लेकीच्या नंबरात.
मग तो नळ आठवायचा.

दहाव्या दिवशी एक ओळ आली
आणि पैसे गेले. कुणाचे होते, कुणाकडे गेले,
ओळीत काही नव्हतं.

पुढच्या खेपेला न्हाव्यानं फेस लावता लावता विचारलं,
काय झालं हो त्या बाईचं?
माहीत नाही, म्हणालो.
वस्तारा गळ्याशी होता, आणि फोन वाजला.
आम्ही दोघंही थांबलो.
वाजू दे, तो म्हणाला,
आधी दुसरा गाल करू.