आग्नेय

रात्री दोन अठ्ठावन्न. गोठिवलीत
हिराजी मढवी गच्चीवर, टाकीला टेकून.
मोबाइलमध्ये परका किनारा, उलटं चालणारं घड्याळ
मध्येच थांबतं. वरच्या थरात वारा.

खालून सुगंधा विचारते, ‘गेला का?’
‘नाय. थांबवलाय.’

एकवीस वर्षं त्यानं छत्र्या बसवल्या
घणसोली ते दिघा, पत्र्यांवर, कठड्यांवर,
सगळ्यांची तोंडं आग्नेयेला,
जिथं डोळ्यांना काहीच दिसत नाही.
छत्री अर्धा सूत सरकली
की घरातून कुणीतरी ओरडायचं, ‘आला!’
त्या उपग्रहाशी एवढीच ओळख.
आता त्याचं इंधन सरलंय.
त्याच्या जागी हा.

तीन एकवीसला उडतो.
स्पीकर फाटतो, मग ठिपका,
मग टाळ्या, कुणाच्या तरी.

हिराजी मान वर करतो.
बेलापूर रोडचा पिवळट उजेड, बाकी काही नाही.
तरी आग्नेयेलाच बघत राहतो,
आणि जिन्यात तोंड घालून ओरडतो,
‘गेला!’

‘हळू,’ सुगंधा म्हणते,
‘शेजारी नामाकाका आजारी आहेत.’

तोवर समोरच्या तीन घरांत
दिवे लागलेले.