गळ्यातली बाटली

सिस्टर एर्मेलिंदानं म्हापशाच्या इस्पितळात शिकवलं:
पाच नंबरची नळी, टोक बोंडाच्या किंचित पुढे,
वर कागदी चिकटपट्टी,
बाटली गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी.

पावडरचं दूध. साठ मिली.
माझं किती, ते कुणी मोजत नाही.

सासूबाई नाचण्याचं तिजाण पुढ्यात ठेवतात
आणि नळीकडे न बघता विचारतात,
“आज तरी आलं?”

खिडकीबाहेर कायतान रेंदेर माडावर,
कमरेला काती आणि दुधिणं.
पोयीला बांधलेलं मडकं उतरवतो.
ते माडाकडून थेंब थेंब घेतं;
माझ्या गळ्यातलं हे उलटं,
माझ्या नावानं देतं.

बाय ओढते.
नळीत पांढरी रेघ चढते, थांबते, चढते.
तिला कुठलं कुठलं कळत नाही.
किंवा कळतं, आणि चालतं.

काल रात्री बाटली रिकामी झाली
तेव्हा नळी चिमटीत धरून बसले,
हवा जाऊ नये म्हणून.
ती तरीही गिळत राहिली.
एक. मग बराच वेळ नाही.
मग एक.

दिप्तेशला उठवलं नाही.
सकाळी पट्टी काढताना कातडी लाल झाली,
तेवढ्यावर खोबरेल लावलं.